आज आभाळ कसे आहे? मुलांना आधी पाहू द्या, मग सांगू द्या

अक्षय्य तृतीया आली की आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे नाव राज्यभरातील वर्तमानपत्रांत झळकते. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ या गावी त्या सायंकाळी शेतात घटमांडणी होते. अठरा प्रकारची धान्ये गोलाकार मांडतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे ठेवतात व त्यांवर पाण्याने भरलेली घागर ठेवतात. घागरीवर पापड, कुरडई, सांडोई असे पदार्थ असतात. चार ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते धान्य हलले, कोणते ढेकूळ किती भिजले हे पाहून साऱ्या वर्षाच्या पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात. ही परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगितले जाते. ते भाकीत ऐकायला दूरदूरचे शेतकरी येतात.

आमच्या वस्तीच्या विहारात आम्ही काही कार्यकर्ते रविवारी लहान मुलांचा वर्ग घेतो. अशाच एका वैशाखात तिसरीतल्या एका मुलाने उभे राहून विचारले, "काका, ते घटात पाहून पान्याचं सांगतात. मंग आपन आभायात पाहून काऊन सांगत नाई?"

बाकीची मुले हसली. आम्ही मात्र हसलो नाही. प्रश्न बिनतोड होता. ज्याचे पाणी पडायचे ते आभाळ रोज डोक्यावर असते. ते पाहायला पैसे पडत नाहीत, कोणाची परवानगी लागत नाही. तरी आपण आपल्या मुलांना ते कधी पाहायला शिकवले? दिवसभर राबून घरी आलेले आईबाप म्हणतात, "आज लय उकडते." मूल ऐकते आणि तेच म्हणते. त्याने स्वतः काय पाहिले, हे त्याला कोणी विचारतच नाही.

त्या रविवारपासून आम्ही वर्गाची सुरुवात एकाच प्रश्नाने करू लागलो. आज आभाळ कसे आहे?

'चांगले' हे उत्तर नव्हे

पहिल्या दिवशी सर्व मुलांनी एका सुरात उत्तर दिले, "चांगलं!" चांगले म्हणजे कसे, असे विचारल्यावर सगळी गप्प. कारण चांगले-वाईट हे आभाळाचे वर्णन नव्हे, ते आपले मत आहे. लग्नघरी पाऊस वाईट असतो आणि पेरणी झालेल्या शेतावर तोच पाऊस सोन्यासारखा असतो. पाऊस मात्र एकच असतो.

म्हणून आम्ही पाच गोष्टी ठरवून दिल्या. आभाळ, ऊन, वारा, पाणी आणि अंग. आभाळात ढग आहेत का, असल्यास आभाळाचा किती भाग झाकला आहे? ऊन आहे का, आपली सावली ठळक पडते की पुसट? झाडाची पाने हलतात की फांद्या हलतात? पाणी पडले का, भुरभुर की धो धो? आणि अंगाला काय वाटते, घाम, गारवा की हिव?

चार-पाच वर्षांच्या लेकरांना लिहिता येत नाही. त्यांनी नुसते बोलावे किंवा चित्र काढावे. सूर्य, ढग, थेंब, हलणारे झाड, एवढी चारच चित्रे पुरतात. पहिली-दुसरीच्या मुलांनी एक वाक्य लिहावे. तिसरीच्या पुढच्या मुलांनी वही घालावी. मात्र वेळ आणि जागा रोज एकच हवी. एक दिवस सकाळी अंगणातून आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून पाहिले तर आदल्या दिवसाशी मेळ बसत नाही. मुलांना एक ताकीद अवश्य द्यावी, सूर्याकडे थेट पाहायचे नाही.

घरची बोली घरातच ठेवू नका

या कामात आम्हाला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. शाळेत गप्प बसणारी मुले आभाळाविषयी भरभरून बोलतात, पण त्यांना त्यांच्या बोलीत बोलू दिले तरच. आपल्याकडे पाऊस 'येत' नाही, 'पाणी' येते. वीज 'ईज' असते. चार दिवस न थांबता पडणारा पाऊस म्हणजे झड, मध्येच पाऊस थांबून ऊन पडले की उघाड. हिवाळ्यात तुरीवर उतरते ती धुवारी. थंडी नव्हे, हिव वाजते.

हे शब्द अडाणीपणाचे नाहीत. शेतात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या आपल्या आयाबायांनी बारकाईने पाहून ते घडवले आहेत. 'झड' या एका शब्दात जे आहे ते सांगायला पुस्तकाला अख्खे वाक्य लागते. मुलाने 'पानी आला' म्हटले की पहिल्याने त्याचे व्याकरण सुधारू नका. आधी त्याचे म्हणणे पूर्ण ऐका. मग सांगा, पुस्तकात याला पाऊस म्हणतात. मुलाकडे दोन शब्द होतील. एक काढून घेऊन दुसरा देण्याची गरज नाही.

घरात आजी असेल तर तिला या कामात अवश्य घ्या. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, चिमण्या धुळीत लोळल्या की पाणी येते, असे ती सांगेल. ते खोटे म्हणून झटकू नका आणि खरे म्हणून मानूही नका. वहीत लिहा. आज मुंग्या निघाल्या. पुढच्या दोन दिवसांत पाणी आले का, हेही लिहा.

हवामानाची रोजकीर्द

आम्ही पेशाने कारकून. ज्या दिवशी व्यवहार झाला त्याच दिवशी रोजकीर्दीत लिहावे, मागाहून आठवून लिहू नये, हा आमच्या कामाचा पहिला नियम. हवामानाच्या वहीलाही तोच लावावा. तारीख, वेळ, जागा आणि पाच गोष्टी. काही घडले नसेल तरी लिहावे. पाणी पडले नाही तर त्या रकान्यात शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये. शून्य म्हणजे 'पाहिले, पण पडले नाही.' कोरी जागा म्हणजे 'पाहिलेच नाही.' या दोहोंतला फरक मुलाला कळला तर त्याला हिशेबातली फार मोठी गोष्ट कळली असे समजावे.

पावसाचे माप घेणेही अवघड नाही. सरळ उभ्या बाजूंची एक रिकामी प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग मोठ्या माणसाने कापून द्यावा व तोच उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडावर बसवावा. बाटलीचा तळ खोलगट असतो, म्हणून बाजू जेथून सरळ होतात तेथपर्यंत पाणी भरून खूण करावी. ते शून्य. तेथून वर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा कराव्यात. बाटली उघड्या जागी विटांच्या आधाराने ठेवावी, झाडाखाली किंवा पागोळ्यांखाली नको. रोज सकाळी साडेआठला माप पाहावे, कारण हवामान खातेही पावसाची चोवीस तासांची नोंद साडेआठलाच घेते. नोंद झाली की पाणी ओतून पुन्हा शून्यापर्यंत भरावे.

एक मिलिमीटर म्हणजे किती, हेही मुलाला दाखवावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपल्या घरावर दहा बाय दहा फुटांचा पत्रा असेल तर दहा मिलिमीटर पावसात त्यावर नव्वद लिटरहून जास्त पाणी पडते, म्हणजे पंधरा लिटरच्या सहा घागरी. एक एकर रानावर एक मिलिमीटर पडले तर सुमारे चार हजार लिटर. नळावर रांगेत उभी राहणारी मुलगी हा हिशेब कधी विसरणार नाही.

आणि हा केवळ खेळ नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. दोन सरी पडल्या म्हणून सोयाबीन पेरले आणि नंतर पावसाने ताण दिला की दुबार पेरणी कपाळी येते. बियाण्याचे पैसे जातात आणि ज्यांच्या घरी शेत नाही, त्यांची मजुरीही बुडते. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर शासन त्याला अतिवृष्टी म्हणते आणि मदतीचा हिशेब तेथून सुरू होतो. जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने घरेदारे व जमिनी वाहून गेल्या, तेव्हा घरोघरी याच आकड्याची चर्चा होती. आपल्या बाटलीची नोंद सरकारदरबारी धरली जाणार नाही. पण आकडा म्हणजे काय आणि तो कसा काढतात, हे ज्याच्या घरातल्या मुलाला कळते, त्या घराला तलाठ्यापुढे बोलताना आधार असतो.

आमची एक चूक

येथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. एका जूनमध्ये रविवारी मुलांच्या वह्या तपासत होतो. नाल्यापलीकडे राहणाऱ्या चौथीतल्या एका मुलीने गुरुवारच्या रकान्यात शून्य लिहिले होते. त्या गुरुवारी आम्ही स्वतः कामावरून भिजत घरी आलो होतो. आम्ही तिला सर्वांसमोर म्हटले, "बेटा, न पाहता लिहायचे नसते." शून्यावर काट मारून 'पाऊस' असे लिहिले. ती काही बोलली नाही.

पुढे दोन रविवार ती आली नाही. तिच्या आईला बाजारात विचारले, तेव्हा ती म्हणाली, "दादा, त्या दिवशी आमच्या हिकडं थेंब नाई आला. नाल्याच्या अलीकडंच पडला. पोरगी म्हने, म्या पाहेलं तरी खोटं, मंग कायले लिहू?"

बैलाच्या एका शिंगावर पाऊस पडतो आणि दुसरे शिंग कोरडे राहते, असे आपणच म्हणतो. मृगाचा पाऊस असाच असतो. ते ठाऊक असूनही आम्ही आमचे भिजणे खरे धरले आणि लेकराचे पाहणे खोटे ठरवले. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या समाजाला हेच सांगण्यात आले होते. तुमचे डोळे खोटे, आमची पोथी खरी. त्याच माळेतले वाक्य आमच्या तोंडून एका चौथीतल्या मुलीला ऐकावे लागले. पुढच्या रविवारी तिला बोलावून सर्व मुलांसमोर तिची माफी मागितली आणि आमची काट खोडून तिचे शून्य पुन्हा लिहिले. तेव्हापासून वर्गाचा नियम आहे की मुलाची नोंद कोणी मोठ्याने बदलायची नाही. शंका असेल तर विचारायचे, कुठून पाहिले? किती वाजता पाहिले?

पाहिले, ऐकले आणि वाटले

वहीत शेवटी दोन रकाने आणखी करावेत. एक 'अंदाज' आणि दुसरा 'प्रत्यक्षात काय झाले'. संध्याकाळी मुलाने उद्याचा अंदाज लिहावा, दुसऱ्या दिवशी पडताळून पाहावा. हुकला तर तोही लिहावा. जमले तेवढेच लिहिणारी वही म्हणजे फक्त जमा दाखवून खर्च लपवणारा हिशेब.

येथे मुलांना दोन कसोट्या सांगाव्यात. पहिली कसोटी ही की अंदाज चुकू शकेल असा स्पष्ट हवा. 'कुठे कमी, कुठे जास्त पाणी पडेल' हे वाक्य कधीच खोटे ठरत नाही, म्हणून ते काही सांगतही नाही. दुसरी कसोटी अशी की 'उद्याही आजच्यासारखेच राहील' एवढेच रोज म्हणणाऱ्याचेही बरेच अंदाज बरोबर येतात. जानेवारीत 'उद्या पाणी नाही' असे म्हटले की महिनाभर आपणच ज्ञानी. तेव्हा दोन-चार अंदाज जुळले म्हणून कोणाला मोठे मानायचे कारण नाही. त्या सोप्या अंदाजापेक्षा जास्त वेळा कोण बरोबर आले, ते मोजावे.

या कसोट्या सर्वांना सारख्याच लावाव्यात. भेंडवळचे भाकीत वर्तमानपत्रात आले की कात्रण वहीत चिकटवावे. हवामान खात्याचा अंदाजही लिहून ठेवावा. दिवाळीनंतर तिन्ही ताडून पाहावेत. भाकीत ऐकायला जाणाऱ्या शेतकऱ्याची टिंगल आम्ही करत नाही. ज्याचे वर्ष एका पेरणीवर टांगलेले असते, तो आधार शोधणारच. परंतु रात्रीतून धान्याचा दाणा मुंगीने हलवला, उंदराने हलवला की वाऱ्याने, हे विचारण्याचा हक्क आपल्या मुलांना आहे.

भगवान बुद्धांनी केसपुत्त नगरीच्या कालामांना हेच सांगितले. केवळ कानावर आले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात, म्हणजे 'या आणि पाहा' असे आवाहन करणारा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला तो धम्म दिला. पाहिले काय, ऐकले काय आणि वाटले काय, हे वेगळे करायला पाच वर्षांचे मूल आभाळाकडे पाहून शिकू शकते.

बाबासाहेबांची स्वतःची रीतही मोजमापाचीच होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ मध्ये दामोदर नदीला महापूर आला. त्यानंतरच्या दामोदर खोरे योजनेत त्यांचा मोठा वाटा होता, आणि १९४५ साली केंद्रीय जलमार्ग व पाटबंधारे आयोग त्यांच्याच काळात उभा राहिला. पाऊस किती पडतो, नदीतून किती वाहतो, हे मोजल्याशिवाय असे काम होत नाही.

आपल्या मुलींना अण्णा मणी यांचेही नाव सांगावे. १९१८ मध्ये केरळात जन्मलेल्या या विदुषी १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या आणि हवामानाची उपकरणे आपल्याच देशात तयार व्हावीत म्हणून झटल्या. पुढे त्या खात्याच्या उपमहासंचालक झाल्या.

जिल्हाच आपली शाळा

बुलढाण्याला बाहेरून काही आणायची गरज नाही. आपला अर्धा जिल्हा घाटावर आणि अर्धा घाटाखाली. बुलढाणा शहर सहाशे मीटरहून उंच, तर शेगाव, नांदुरा, मलकापूर पूर्णेच्या खोऱ्यात त्याच्या निम्म्याहून कमी उंचीवर. दर शंभर मीटर चढले की हवा साधारण अर्धा ते पाऊण अंशाने थंड होते. घाटावरचा मुलगा आणि घाटाखाली राहणारी त्याची मामेबहीण यांनी एकाच दिवशी, एकाच वेळी नोंद करावी आणि रविवारी फोनवर एकमेकांना वाचून दाखवावी. 'आमच्याकडे स्वेटर, तुमच्याकडे पंखा' का, ते त्यांचे तेच शोधतील.

वाऱ्याची दिशा पाहायला विहारावरचा पंचशील ध्वज आहेच. ध्वज पूर्वेकडे फडकत असेल तर वारा पश्चिमेकडून येतो आहे. तो पश्चिमेचा वारा. वाऱ्याला तो जिकडून येतो त्या दिशेचे नाव देतात. मेच्या चौथ्या आठवड्यात, २३ तारखेच्या आसपास, दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान आपल्या भागात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या बाटलीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. जुलैत २० तारखेच्या सुमारास पुन्हा तसेच होते, पण तेव्हा ढग असतात. मुलांनी हे दाराच्या आडोशाने पाहावे, डोक्यावर रुमाल घेऊन आणि पाणी पिऊन. उन्हाची परीक्षा घेण्यासाठी लेकराला उन्हात उभे करू नये.

लोणारच्या सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा नाना तऱ्हेच्या गोष्टी उठल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने तपासले गेले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी तो रंग दिला, असे निघाले. लोणारचे पाणी आपल्याच जिल्ह्यातले आहे. रंग कोणी पाहिला, कधी पाहिला, त्याआधी पाऊस किती झाला, असे प्रश्न विचारायची सवय आपल्या मुलांना हवी.

विजेच्या वेळी वही बाजूला

एक गोष्ट मात्र पाहत बसायची नाही. ती म्हणजे वीज. दरवर्षी शेतात राबणारी माणसे विजेने दगावतात, आणि त्यांत आपलीच माणसे असतात. मुलांना मोजायला शिकवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. दर तीन सेकंदांना वीज सुमारे एक किलोमीटर दूर. तीसच्या आत आवाज आला तर धोका जवळ आहे. पण हे मोजणे घरात बसून. बाहेर असताना गडगडाट कानावर आला की मोजत थांबू नये, पक्क्या घरात जावे. झाडाखाली, उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा खांबाजवळ उभे राहू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. आसराच नसेल तर उघड्या रानात पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप मोबाईलवर जवळच्या विजेची सूचना देते. घरात एका फोनवर तरी ते घ्यावे. शाळकरी मुलाने आईला "माय, ईज चमकते, झाडाखालून निंग" एवढे वेळेवर सांगितले तरी या वहीचे सार्थक झाले.

वर्षावासात सुरुवात करा

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने आपला वर्षावास असतो. पावसाळ्यात फिरताना शेतातली कोवळी रोपे आणि लहान जीव पायाखाली तुडवले जातात, म्हणून बुद्धांनी भिक्खूंना या काळात एका ठिकाणी राहायला सांगितले. पाऊस आणि धम्म यांचे नाते इतके जुने आहे. या तीन महिन्यांत विहारोविहारी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्या वाचनाला बसण्याआधी पाच मिनिटे मुलांना द्यावीत. प्रत्येकाने उभे राहून आजचे आभाळ सांगावे. मोठ्यांनी मध्ये बोलू नये. शंभर पानांची एक वही, रोज एक पान. नव्वद दिवसांत वर्षावास संपेल तेव्हा दहा पाने उरतील. त्यांवर मुलाने तीन महिन्यांचा गोषवारा लिहावा आणि तो विहारात सर्वांसमोर वाचावा.

ती नाल्यापलीकडची मुलगी आता मोठ्या शाळेत जाते. परवा वाटेत भेटली. आम्ही सवयीने म्हटले, "आज पाणी येईल असे दिसते." तिने वर पाहिले, पश्चिमेकडे पाहिले, आणि म्हणाली, "काका, तुमच्याकडं येईन. आमच्याकडचं मी पाहून सांगतो."

आम्हाला फार बरे वाटले. जय भीम.